जुन्या कपाटावर चित्र कसं उतरवावं

छापलेलं चित्र लाकडावर चिकटवायचं आणि त्याचा ओला कागद चोळून काढायचा, हे काम व्हिडिओत दहा सेकंदांत उरकतं. स्पंज फिरतो, कागद सालासारखा निघतो, खाली चित्र तयार. माझ्या घरी त्याच दहा सेकंदांना दोन दिवस लागतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांचं जे काही बिघडतं ते बहुतेक तिथेच बिघडतं. रंग देणं कोणालाही जमतं. स्टेन्सिल दुसऱ्या प्रयत्नात जमतं. छापलेलं चित्र लाकडावर उतरवणं मात्र शिकावं लागतं, आणि ते नीट सांगणारं मला कोणी भेटलं नाही. म्हणून बाकीचं भराभर सांगते आणि तिथे थांबते.

काय घ्यायचं, कशाला हात लावायचा नाही

बडोद्यात जुन्या लाकडी सामानाला तोटा नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागातला एखादा वाडा उतरवला की फडताळं, देवघरं, पेट्या, औषधांची छोटी कपाटं लारीवर चढतात आणि भंगारात किंवा शुक्रवारी बाजारात येतात. विकत घेताना चमक बघू नका. खण पूर्ण बाहेर ओढा, उलटा करा, मागची फळी बोटाने ठोका. बारीक भोकांतून पिठासारखा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे. फुकट दिलं तरी घरात आणू नका, एका स्टुलापायी घरातल्या चौकटी पोखरल्या जातील. चित्रासाठी किमान कागदाच्या पानाएवढा सपाट भाग हवा. कोरीव दारावर चित्र उतरत नाही.

आता दोन गोष्टी मी कळकळीने सांगते.

पहिली संखेड्याची. बडोद्यापासून जवळच असलेल्या या गावातले खरादी सागाचं लाकूड चरकावर कातून त्यावर कथलाची नक्षी काढतात आणि वरून लाख चढवतात. पांढरट कथील लाखेखाली गेलं की सोन्यासारखं दिसतं. ती सोनेरी वेल म्हणजे नुसता सोनेरी रंग नव्हे. असा पाळणा, चौरंग किंवा पाट जुन्या बाजारात काळवंडलेला, कळकट मिळतो आणि लोक त्यावर सरळ पांढरा रंग मारतात. मारू नका. मऊ फडक्याने पुसा, फार तर संखेड्याच्या कारागिराला दाखवा. एकदा काचपेपर फिरला की ती नक्षी कायमची गेली. चांगल्या रेषांचा जुना साग सापडला तर तोही पॉलिश करून वापरा. रंगवायला प्लायवूड, आंब्याचं लाकूड, डाग पडलेलं, ठिगळ लावलेलं लाकूड पुष्कळ मिळतं.

दुसरी शिशाची. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये किती शिसं असेल ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जुना रंगवलेला नग कोरडा घासायचाच नाही. वॉटरपेपर घ्या, पाणी मारत घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, निघालेला चिखल वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करू नका. रंगाचे पोपडे उडत असतील तर असा नग सोडून द्या. दुसरा मिळेल.

रंगापर्यंत

धुणं, खिळे ठोकणं, लांबी भरणं, १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने घासणं हे तुम्हाला येतंच. सनमायका असेल तर तिची चमक पूर्ण मरेपर्यंत घासा.

एकच अडचण इथे बऱ्याच जणांना गाठते. जुन्या लाल-तपकिरी पॉलिशवर पांढरा रंग दिला की दुसऱ्या दिवशी गुलाबी, पिवळट डाग वर येतात. आणखी दोन हात मारा, तरी येतात, कारण पॉलिशमधला रंग पाण्याच्या रंगात विरघळून वर चढतो. यावर उपाय एकच, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात. तो तासा-दोन तासांत वाळतो आणि खालचे डाग खालीच अडवतो.

रंग पाण्याचाच घ्या, मॅट आणि फिका. ऑइलपेंट टिकाऊ असतो हे खरं, पण पुढे जे चित्र चिकटवायचं ते त्याच्या गुळगुळीत अंगावर धरत नाही. मी साध्या मॅट इमल्शनचे तीन भाग घेते, एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून, गाळून त्यात मिसळते. रंग खडूसारखा खरखरीत वाळतो आणि त्याला सगळं चिकटतं. लागेल तेवढाच कालवा, काही तासांत घट्ट होतो. दोन हात द्या आणि दोन दिवस विसरा.

स्टेन्सिलसाठी विकतचे महागडे साचे लागत नाहीत. जुनी एक्स-रे फिल्म ब्लेडने उत्तम कापली जाते. रांगोळीचे छापे तर प्रत्येक घरात असतात. गोपद्म, कुयरी, वेल, सगळं चालतं. स्पंजवर रंग घेतल्यावर तो कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि सरळ वरून ठोका, पुसू नका. साच्याखाली रंग शिरला तर स्पंज ओला होता, दुसरं कारण नसतं. मी नेहमी आधी चित्र उतरवते आणि मग भोवती स्टेन्सिल छापते, म्हणजे चित्राची कड वेलीखाली झाकता येते.

चित्र: छापून आणताना

या प्रकाराच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटमधला काळा म्हणजे शाई नव्हे, प्लॅस्टिकची पूड आहे. तिला टोनर म्हणतात. ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. आपण तिच्यावर ॲक्रिलिक मिडियमचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या चिकट लेपाचा, थर देतो, तो वाळला की पूड त्याला धरते, मग कागद पाण्याने चोळून काढतो आणि पूड लाकडावर राहते. हे समजलं की पुढचा प्रत्येक नियम आपोआप समजतो.

इंकजेट प्रिंट चालत नाही. त्याची शाई बहुधा पाण्यात उतरते, आणि आपल्याला तर पाण्यानेच कागद काढायचा आहे. दुकानदार सगळ्यालाच "कलर प्रिंट" म्हणतो, म्हणून खात्री स्वतः करा. प्रिंटच्या कोपऱ्यावर ओलं बोट घासा. रंग पसरला तर कागद परत द्या. कागद साधा, ७० किंवा ७५ जीएसएमचा. फोटोचा गुळगुळीत जाड कागद नको, तो चोळून निघत नाही.

चित्र उलटं छापून आणायचं, आरशात दिसतं तसं. दुकानात दरवेळी तोच संवाद होतो. "बेन, आ तो ऊंधुं आवशे." म्हणजे, ताई, हे तर उलटं येईल. मी म्हणते, "हा भाई, ऊंधुं ज जोईए छे." राजा रवी वर्मांनी १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला, त्यातल्या शिळाछापाच्या दगडांवरही चित्र असंच उलटं काढावं लागे, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटे. आपलं तत्त्व तेच.

हे उलटं-सुलटं मला महागात पडलं आहे. आमच्या घरी पणजोबांचं एक मोडीतलं पत्र आहे. त्याची झेरॉक्स काढून मी एका छोट्या कपाटाच्या दारावर उतरवली. काम इतकं स्वच्छ झालं होतं की महिनाभर येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. मग आमचे मोठे काका आले. मोडी वाचता येणारे घरात ते एकटेच. ते दारासमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि हळूच म्हणाले, "बाळ, हे पत्र आरशातलं आहे गं." मराठी किंवा गुजराती अक्षर असतं तर कोणीही पहिल्या क्षणी ओळखलं असतं. मोडी आम्हां कोणाला वाचता येत नाही, म्हणून पणजोबांचं पत्र महिनाभर उलटं टांगलेलं होतं. मला फार वाईट वाटलं. सगळं घासून काढलं आणि पुन्हा केलं. तेव्हापासून अक्षरांचं चित्र असेल तर प्रिंट आधी आरशासमोर धरते आणि वाचता येणाऱ्या माणसाला दाखवते. मूळ पत्र किंवा फोटो कधीही वापरू नका, हे सांगायची वेळ यायला नको, पण लोक वापरतात.

प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. चित्रातला पांढरा भाग म्हणजे नुसता कागद, आणि कागद तर आपण काढून टाकणार. तिथे तुमच्या कपाटाचा रंग दिसेल. हिरव्या कपाटावर आजीचा फोटो उतरवलात तर चेहरा हिरवा येतो. खालचा रंग पांढरा किंवा सायीसारखा ठेवा, निदान चित्रापुरता चौकोन तरी. चित्र गडद-फिकं ठळक असलेलं निवडा. रवी वर्मांची चित्रं या कामाला फार छान आहेत. सयाजीरावांमुळे ती बडोद्याच्या घराघरांत ओळखीची झाली आहेत, आणि रवी वर्मा १९०६ साली गेले असल्याने त्यांच्या चित्रांवर कॉपीराइट उरलेला नाही. हयात किंवा अलीकडच्या चित्रकाराचं चित्र विचारल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

चित्र: चिकटवताना

सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी घालून वापरा, असं सांगणारे शेकड्याने सापडतील. त्यांचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. तो गोंद वाळून कितीही कडक दिसला तरी पाणी लागलं की पुन्हा मऊ होतो, आणि पुढच्या पायरीत पाण्याशिवाय काही नाही. माझ्या पहिल्या तीन चित्रांतली दोन कागदासकट वळवटासारखी गोळा होऊन हातात आली. दोष माझ्या हाताचा आहे असं समजून मी महिनाभर चोळायचा सराव करत बसले, आणि दोष गोंदाचा होता. ॲक्रिलिक जेल मिडियम किंवा ट्रान्सफर मिडियम घ्या. गोंदापेक्षा बरंच महाग पडतं, पण एका डबीत चार-पाच चित्रं होतात. बडोद्यात १९५० पासून फाइन आर्ट्सचं कॉलेज आहे, त्यामुळे चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात हे नाव सांगितलं की समोर येतं.

चित्राभोवतीचा कोरा कागद अगदी कडेपर्यंत कापून टाका, नाहीतर वाळल्यावर मिडियमची चौकट दिसत राहते. रंगवलेल्या जागेवर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा, धूळ पुसा. मग चित्राच्या छापलेल्या बाजूवर मिडियम लावा. किती, हा प्रश्न सगळे विचारतात. दुधावरच्या जाड सायीइतकं. खालचं चित्र धूसर दिसलं पाहिजे. अगदी स्वच्छ दिसत असेल तर थर कमी पडला, दिसतच नसेल तर जास्त झाला. एकही बिंदू कोरा ठेवू नका. कोरा राहिलेला बिंदू म्हणजे चित्रातलं भोक.

मिडियम लागलं की कागद ओलावा पितो आणि फुगतो. अर्धा मिनिट थांबा, त्याला फुगून घेऊ द्या, मग ठेवा. लगेच ठेवलात तर तो लाकडावर गेल्यावर फुगेल आणि सुरकुत्या पडतील. एक कड आधी टेकवा आणि हळूहळू पुढे सोडत न्या. जुन्या एटीएम कार्डाने मधून बाहेर हवा आणि जास्तीचं मिडियम ढकला. जोर लावू नका, कागद फाटतो. हवेचा फुगा डोळ्यांनी दिसला नाही तर तळहात फिरवून बघा, हाताला लागतो.

आता बाहेर आलेलं मिडियम लगेच ओल्या फडक्याने टिपा. ही सूचना मी कुठे वाचली नव्हती, तीन नग वाया गेल्यावर समजली. कागदाच्या पाठीवर मिडियमचा थेंब पडून वाळला की तिथे पाणी शिरत नाही. पाणी शिरलं नाही की तिथला कागद निघत नाही. तुम्ही चोळत राहता, शेजारचं चित्र निघून जातं आणि तो पांढरा ठिपका तसाच राहतो. कार्डाला चिकटलेलं मिडियमही दर फटक्याला पुसा.

मग २४ तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात ४८. हेअर ड्रायर नको. उन्हात ठेवणं नको. वरचा कागद कोरडा लागतो आणि आत मिडियम अजून दुधाळ असतं. बडोद्याच्या मे महिन्यात उलटा त्रास होतो. दुपारी लावायला घेतलं तर दुसरं टोक लावेपर्यंत पहिलं सुकलेलं असतं. मी उन्हाळ्यात सकाळी सहाला, पंखा बंद करून लावते. खरं तर या कामाचे दिवस नवरात्रापासून उतरायणापर्यंतचे.

चित्र: कागद काढताना

नखं कापा, अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. स्पंज भिजवून कागदावर टेकवा आणि दोन-तीन मिनिटं पाणी मुरू द्या. कागद अर्धपारदर्शक होऊन खालून चित्र वर आल्यासारखं दिसतं. इथेच हात शिवशिवतात आणि इथेच माणसं घाई करतात.

बोटाच्या पेराने, नखाने नव्हे, मधून सुरुवात करा. लहान गोल फिरवा. कागदाच्या शेवया वळून येतील, त्या बाजूला करा. कडांवर सगळ्यात शेवटी या, कारण चित्र निघतं ते कडेपासून. जागा कोरडी पडली तर पुन्हा टिपून ओली करा, पण पाण्याचं तळं साठवू नका. फार वेळ भिजलं तर मिडियमही मऊ पडतं. पंधरा-वीस मिनिटं झाली की थांबा.

चित्र ओलं असताना लखलखीत दिसेल. झालं असं वाटेल. तासाभराने वाळलं की त्यावर पांढरट धुकं पसरलेलं असेल, जणू चित्रावर पीठ सांडलंय. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा चित्र बिघडलं असं समजून घासणी घेतली आणि खरंच बिघडवलं. ते धुकं म्हणजे कागदाचे उरलेले तंतू. पूर्ण वाळू द्या, पुन्हा हलकं ओलं करा, पुन्हा पेराने चोळा, पुन्हा वाळवा. माझे तीन फेरे होतात, मोठ्या चित्राला चार. प्रत्येक फेऱ्यात जोर आधीपेक्षा कमी.

थांबायचं कधी ते डोळ्यांना विचारू नका, डोळे फसवतात. बोटाला विचारा. वाळलेल्या चित्रावरून बोट फिरवलं आणि लव लागल्यासारखं वाटलं तर कागद उरला आहे. गुळगुळीत लागतं पण किंचित धूसर दिसतं, तर हात मागे घ्या. उरलेली धूसरता वार्निशने जाते. ती चोळून घालवायचा हट्ट धरलात तर टोनर निघेल. चांगलं उतरलेलं चित्र याच शेवटच्या हट्टापायी जाताना मी जितक्यांदा पाहिलं आहे तितकं दुसऱ्या कशाने जाताना पाहिलेलं नाही.

बोटाएवढा तुकडा निघाला तर बारीक ब्रशने त्याच छटेचा रंग टिपा, जुन्या भिंतीवरच्या चित्रासारखं दिसतं आणि शोभतं. चेहरा किंवा अर्धी ओळ गेली असेल तर डागडुजी करू नका. घासून, रंगवून, पुन्हा लावा. एका थरावर दुसरा थर बसवायचा प्रयत्न मी केला आहे, दोन्ही रेषा कधीच जुळत नाहीत.

वार्निश

पहिला हात पाण्याच्या पारदर्शक वार्निशचा किंवा त्याच मिडियमचा, पातळ, मऊ ब्रशने, एका दिशेने. थिनरवर चालणारं लॅकर किंवा मेलामाइन चित्रावर सरळ मारू नका. टोनर प्लॅस्टिक आहे, थिनर त्याला विरघळवतो. पॉलिशवाला दादा अगदी मनापासून म्हणेल, "ताई, मी लॅकरचे दोन हात मारून देतो, काचेसारखं होईल." माझी एक सरस्वती अशीच ब्रशच्या एका फटक्यात धुरासारखी पसरली, वीणा कुठे संपते आणि साडी कुठे सुरू होते ते कळेना. त्या माणसाची चूक नव्हती, खाली टोनर आहे हे मी सांगितलंच नव्हतं. पाण्याच्या वार्निशचे तीन हात, मध्ये चार-चार तास. ऑइल वार्निश टिकतं पण वर्षभरात पिवळं पडतं, पांढऱ्या कपाटावर ते लगेच दिसतं.

वार्निश हाताला वाळलेलं लागलं तरी आतून पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर त्यावर चहाचा कप, समई, फुलदाणी काही नको, आणि दार बंद करून ठेवू नका, चौकटीला चिकटतं. कडेला मेणबत्तीचा तुकडा घासून ठेवा. नंतर रोज कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे. दिवाळीच्या साफसफाईत घरातली मंडळी सोड्याचं पाणी आणि घासणी घेऊन निघतात, तेव्हा चित्राच्या दारावर आधीच जुनी चादर टाकून ठेवा.